पाद्रीची जागा कोण भरतं? जॉन डनच्या नोकरीची गोष्ट

ऑक्टोबर २०२५मध्ये साराह मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झालं. चर्च ऑफ इंग्लंडच्या या सर्वोच्च धर्मपदावर पहिल्यांदाच एक स्त्री बसणार, म्हणून आपल्याकडेही बातम्या आल्या. त्याच बातमीतली दुसरी एक ओळ मला जास्त चमत्कारिक वाटली. नाव जाहीर केलं होतं ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयानं, राजाच्या संमतीनं. एखाद्या पीठाच्या नव्या शंकराचार्यांचं नाव आपल्याला सरकारी प्रसिद्धिपत्रकातून कळावं, तसं झालं हे.

मुलाली त्याआधी लंडनच्या बिशप होत्या, म्हणजे सेंट पॉल्स हे त्यांचं कॅथीड्रल, बिशपचं मुख्य चर्च. आणि त्याच्याही आधी त्या परिचारिका होत्या. इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी या पदापर्यंत पोचून मग पूर्णवेळ चर्चकडे वळल्या. वयाची चाळिशी गाठून दुसऱ्याच वाटेनं धर्मसेवेत आलेला आणि सेंट पॉल्सपर्यंत पोचलेला आणखी एक माणूस चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला. जॉन डन. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना तो कवी म्हणून माहीत असतो. पण त्याची नोकरी नीट समजून घेतली, तर पंतप्रधान कार्यालयाचा तो कागदही आपोआप उलगडतो.

आधी हे चर्च म्हणजे काय ते पाहू

आपल्या डोळ्यांसमोर पाद्री येतो तो बहुधा वसईचा किंवा गोव्याचा. 'पाद्री' हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. हे फादर कॅथलिक. लग्न न करणारे, बिशप सांगेल त्या चर्चमध्ये बदलीवर जाणारे, आणि शेवटी रोमच्या पोपला मानणारे.

इंग्लंडनं १५३४ साली पोपशी संबंध तोडले आणि राजा आठवा हेन्री स्वतःच आपल्या देशाच्या चर्चचा प्रमुख झाला. मधे थोडी उलथापालथ झाली. १५५९मध्ये पहिल्या एलिझाबेथनं घडी पुन्हा बसवली, ती पुढे बरीच टिकली. या चर्चला आपण अँग्लिकन म्हणतो. राजाच प्रमुख, म्हणजे चर्च हे जवळपास सरकारी खातंच झालं. रविवारी चर्चला गैरहजर राहिलं तर बारा पेन्स दंड. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी पाद्रीकडे. सरकारचे हुकूम गावाला कळायचे तेही बऱ्याचदा त्याच्याच व्यासपीठावरून. थोडा कीर्तनकार, थोडा तलाठी, अशी ही असामी होती.

'वृत्ती' कळली की निम्मं काम झालं

गावच्या चर्चचा जो इलाखा, त्याला पॅरिश म्हणतात. असे सुमारे नऊ हजार पॅरिश इंग्लंडभर होते. प्रत्येक पॅरिशच्या पाद्रीपदाला उत्पन्न जोडलेलं असे आणि त्या उत्पन्नासकट पदाला इंग्रजीत शब्द आहे 'लिव्हिंग', म्हणजे सरळ सरळ पोटापाण्याची सोय. मराठीत याला शब्द शोधायला लांब जायला नको. गावच्या जोशाची, उपाध्यायाची असते ती 'वृत्ती'. पुढे मी हाच शब्द वापरतो. एक फरक तेवढा ध्यानात ठेवायचा: आपली वृत्ती बापाकडून मुलाकडे येई, इंग्लंडमधली पाद्रीची वृत्ती त्याच्या हयातीपुरतीच असे.

उत्पन्न येई कुठून? एक म्हणजे चर्चच्या नावे असलेली जमीन. आपली देवस्थान इनामाची जमीन असते तशी. दुसरा आणि मोठा भाग दशमांशाचा. गावातल्या प्रत्येकाच्या पिकाचा आणि जनावरांच्या वाढीचा दहावा भाग पाद्रीचा. दहा पेंढ्यांतली एक, दहा कोकरांतलं एक. खळ्यावर बलुतेदाराला वाटा मिळे त्याचीच ही आवृत्ती वाटेल, पण बलुत्यापेक्षा हे प्रकरण कडक होतं. पाद्री आवडो न आवडो, त्याचं प्रवचन ऐकताना झोप येवो न येवो, दहावा हिस्सा कायद्यानं द्यावाच लागे. नाही दिला तर चर्चच्या स्वतःच्या कोर्टात खटला. गाव आणि पाद्री यांच्यातली कितीतरी भांडणं धर्मावरून नव्हे, तर लोकर आणि अंड्यांवरून झाली आहेत.

यातही दोन थर होते. धान्य, वैरण, लाकूड यांचा 'मोठा' दशमांश घेणारा तो रेक्टर. काही ठिकाणी रेक्टरच्या जागी मठ असे. मठ मोठा दशमांश घेई आणि कोकरं, अंडी, फळफळावळ असा 'लहान' दशमांश देऊन गावात एक पाद्री ठेवी. तो व्हिकार. हेन्रीनं १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत मठ बुडवले, त्यांची मालमत्ता विकली, आणि त्या मालमत्तेबरोबर हे दशमांशाचे हक्कही विकले गेले. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पॅरिशांमध्ये देवाच्या नावानं गोळा होणारं धान्य असं कुणा जमीनदाराच्या कोठारात जाऊ लागलं आणि व्हिकार अंडी मोजत बसला.

नेमणूक कोणाच्या हातात?

इथे अनुदानित शाळा आठवा. पगार सरकारी, पण शिक्षक कोणाला घ्यायचं ते संस्थाचालक ठरवणार, आणि मग शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता. इंग्लंडमधलं गावचर्च नेमकं असंच चाले. प्रत्येक वृत्तीला एक आश्रयदाता असे. पाद्रीचं नाव सुचवण्याचा हक्क त्याचा. तो राजा असेल, बिशप असेल, एखादं कॉलेज असेल किंवा नुसता गावचा जमीनदार. हा हक्क ही मालमत्ताच: वारसानं मिळायची, विकता यायची, मुलीच्या लग्नात देताही यायची. बिशप उमेदवाराची पात्रता तपासून मान्यता देई. मग नवा पाद्री चर्चच्या दाराशी नेला जाई, त्याचा हात किल्लीवर ठेवत, आणि तो आत जाऊन घंटा वाजवी. घंटेचा आवाज म्हणजे गावाला वर्दी, की जागा भरली.

एकदा घंटा वाजली की त्याला हलवणं महाकठीण. वृत्ती ही त्याची हयातभराची मिळकत होई. 'कायम' झालेल्या प्राध्यापकाचा निवांतपणा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

पैसे चारून जागा मिळवायला अर्थात बंदी होती. १५८९ साली त्याविरुद्ध कायदाही झाला. पण जागेवरचा पाद्री जिवंत असताना त्याच्या मागची 'पुढची नेमणूक' विकत घेऊन ठेवायला कायद्याची आडकाठी नव्हती. डोनेशनला बंदी आणि विकास निधीला मुभा, असला प्रकार. वर राजाचा वाटा निराळा. वृत्तीचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न राजाला द्यायचं आणि नंतर दरसाल त्याचा दहावा भाग. वतन नावावर होताना नजराणा भरायची आपल्याकडची रीत होती, तीच ही.

डन आधी कोण होता?

जॉन डन १५७२ साली लंडनमध्ये जन्मला, तोही कॅथलिक घरात. आई सर थॉमस मोरच्या नात्यातली. हेन्रीला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिला म्हणून ज्याचं शिर गेलं, तो हा मोर. डन ऑक्सफर्डला शिकला, पण पदवी घ्यायची तर राजसत्तेला धर्मप्रमुख मानण्याची शपथ घ्यावी लागे, म्हणून पदवीविनाच बाहेर पडला. धाकटा भाऊ हेन्री. त्यानं एका कॅथलिक पाद्रीला आसरा दिला, पकडला गेला, आणि १५९३मध्ये तुरुंगातच तापानं गेला. अँग्लिकन चर्चकडे डन किती सावकाश, किती जपून सरकला असेल, याचा विचार करताना हा मुलगा विसरून चालत नाही.

डनचं स्वप्न दरबारी नोकरीचं होतं. कायदा शिकला, स्पेनमधल्या कादिझच्या स्वारीवर गेला, आणि सर थॉमस एजर्टन या बड्या अधिकाऱ्याचा चिटणीस झाला. सगळं मार्गी लागत असताना डिसेंबर १६०१मध्ये त्यानं एजर्टनच्या बायकोच्या भाचीशी, सतरा वर्षांच्या अ‍ॅन मोरशी, गुपचूप लग्न लावलं. सासऱ्यानं त्याला तुरुंगात धाडलं. लग्न लावणाऱ्या पाद्रीलाही आत जावं लागलं. नोकरी गेली ती गेलीच.

पुढची तेरा वर्षं हाता-तोंडाची गाठ. घरात दर वर्षा-दीड वर्षानं पाळणा हलत होता. १६०७ साली थॉमस मॉर्टन या स्नेही पाद्रीची ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलचा कारभार पाहणाऱ्या डीनपदी नेमणूक झाली, तेव्हा त्यानं डनला सांगितलं, तू दीक्षा घे, माझी एक वृत्ती तुझ्यासाठी सोडतो. डन नाही म्हणाला. त्यानंतर आयर्लंडमध्ये चिटणिसाची जागा मागितली, ती हुकली. अमेरिकेत वसाहत करणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीची मागितली, तीही हुकली. १६१०मध्ये त्यानं कॅथलिकांनी राजनिष्ठेची शपथ घ्यायला हरकत नाही असं मांडणारा ग्रंथ लिहिला. राजा पहिला जेम्स खूश झाला आणि तिथेच डनचं दरबारी स्वप्न मोडलं. राजानं ठरवूनच टाकलं, की हा माणूस चर्चच्याच कामाचा. दुसरी नोकरी याला द्यायची नाही.

दीक्षा, पदवी, जागा: सहा वर्षांची शिडी

२३ जानेवारी १६१५ रोजी डननं दीक्षा घेतली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. दीक्षा देणारा लंडनचा बिशप जॉन किंग, म्हणजे एकेकाळी एजर्टनच्याच घरचा पाद्री. जुन्या ओळखी अशा वीस वर्षांनी फळतात.

लगेच तो राजाचा चॅप्लेन झाला, म्हणजे दरबारात पाळीपाळीनं प्रवचन देणारा पाद्री. मग डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी. केंब्रिज विद्यापीठानं कुरकुर केली. जन्मभर धर्मशास्त्राच्या वर्गात न बसलेल्याला ही पदवी कशी द्यायची? राजाचा हुकूम आला, पदवी मिळाली. हा नुसता मानाचा शिरपेच नव्हता. चर्चमध्ये वरच्या जागांचा दरवाजा उघडायला ही पदवी लागे, शिवाय एकाहून जास्त वृत्ती धरायची परवानगी मिळवायला तिचा उपयोग होई.

१६१६मध्ये कीस्टन आणि सेवनओक्स या दोन गावांचं रेक्टरपद मिळालं. त्याच वर्षी लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत धर्मप्रवचनकाराची जागा. आणि १६२१च्या नोव्हेंबरात सेंट पॉल्सचा डीन. डीन म्हटलं की आपल्याला मेडिकल कॉलेज आठवतं, आणि तुलना अगदीच चुकीची नाही. बिशप हा अख्ख्या प्रांताचा प्रमुख. कॅथीड्रलची इमारत, पैसा, तिथले पाद्री आणि रोजची उपासना पाहणारा तो डीन. ही जागा रिकामी कशी झाली? एक्झिटरचे बिशप वारले, तिथे सेंट पॉल्सचे डीन व्हॅलेंटाइन केरी गेले, आणि केरींच्या खुर्चीत डन बसला. बदल्यांच्या यादीत एक नाव हललं की खाली दहा हलतात, तसं. अशा वेळी राजाच्या मर्जीतल्या माणसाचा शब्द लागतो. डनसाठी तो पुढे ड्यूक झालेल्या बकिंगहॅमचा होता आणि डननं त्याला आभाराचं पत्रही लिहिलं. राजानं जेवणाच्या टेबलावर 'तुमच्या आवडीचा पदार्थ वाढतो' म्हणत सेंट पॉल्स देऊ केल्याची आख्यायिका आहे. मला ती जरा जास्तच गोड वाटते.

एक पाद्री आणि चार जागा? हे कसं चालायचं?

डीन झाल्यावर डननं कीस्टन आणि लिंकन्स इन सोडलं. सेवनओक्स ठेवलं. १६२२मध्ये अर्ल ऑफ केंटकडून बेडफर्डशरमधलं ब्लनहॅम मिळालं, १६२४मध्ये अर्ल ऑफ डॉर्सेटकडून लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचं सेंट डन्स्टन्स. म्हणजे एकाच वेळी डीनपद आणि तीन वृत्ती.

नियम नव्हता असं नाही. १६०४च्या चर्चनियमांप्रमाणे दोन वृत्ती घ्यायच्या तर उमेदवार निदान एम. ए. हवा आणि दोन्ही गावांत तीस मैलांपेक्षा जास्त अंतर नको. पण राजाच्या चॅप्लेनसारख्यांना सवलती होत्या. नियम करणाऱ्यांनी खिडकी कुठे ठेवायची ते आधीच पाहून ठेवलं होतं.

गावाचं काय होई? मराठी वाचकाला याची उत्तरं दोन ठिकाणी सापडतील. जुनं उदाहरण हवं असेल, तर वतनदार पुण्यात किंवा साताऱ्यात आणि गावात त्याचा मुतालिक. आजचं हवं असेल, तर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. वृत्तीचा धनी मोठं उत्पन्न घेई आणि थोड्या पगारावर एक दुय्यम पाद्री ठेवी, त्याला क्युरेट म्हणत. बारसं, लग्न, मर्तिक, रविवारची उपासना, सगळं तोच करी. घंटा त्याच्यासाठी वाजलेली नसे, म्हणून त्याला काढणंही सोपं. सेवनओक्सला तर रेक्टरच्या हाताखाली स्वतंत्र व्हिकारच होता. रेक्टरनं करायचं ते एवढंच, की उत्पन्न घ्यायचं.

डनची बाजू घ्यायची तर म्हणता येईल, की तो उन्हाळ्यात आपल्या गावांकडे फिरकत असे, प्रवचन देत असे, आणि सेंट डन्स्टन्सकडे त्याचं बरंच लक्ष होतं. तरीही ब्लनहॅमच्या शेतकऱ्यानं वर्षभर दिलेला दहावा हिस्सा वर्षातल्या थोड्याच रविवारी वसूल होत असणार.

पाद्री आणि बायकापोरं?

अँग्लिकन पाद्रीला लग्न करता येई, हा कॅथलिकांशी सगळ्यांत डोळ्यांत भरणारा फरक. दीक्षेच्या वेळी डनचं घर पोरांनी भरलेलं होतं. अ‍ॅन मात्र सुबत्ता पाहायला उरली नाही. बाराव्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, १५ ऑगस्ट १६१७ला, ती गेली. डननं पुन्हा लग्न केलं नाही.

संसारी पाद्रीमुळे एक वेगळीच अडचण होई. वृत्ती हयातीपुरती, घर चर्चचं. पाद्री मेला की त्याची बायको-मुलं बिऱ्हाड उचलून बाहेर. पाद्री लोक वृत्तीमागून वृत्ती का गोळा करत, याला हावरेपणाइतकीच हीही बाजू होती.

म्हणजे पोटासाठी धर्म बदलला?

हा आक्षेप डनच्या हयातीतही होता. कॅथलिक जन्मलेला, कर्जात बुडालेला, राजाच्या आग्रहावरून दीक्षा घेणारा. कागदावर तरी चित्र वाईट दिसतं.

मला हा आक्षेप अर्धवट वाटतो, कारण तो आजच्या डोळ्यांनी पाहतो. श्रद्धा आतली आणि नोकरी बाहेरची, अशी विभागणी त्या काळाला ठाऊकच नव्हती. देवाची हाक ऐकू येते कशी? तर बिशपच्या, आश्रयदात्याच्या, राजाच्या तोंडून, असं मानणारी ती माणसं. आणि नुसतं पोटच भरायचं असतं, तर १६०७ साली मॉर्टननं वृत्ती हातावर आणून ठेवली होती. तेव्हा डन जास्त गरजू होता. तेव्हा नाही म्हणणारा माणूस आठ वर्षांनी हो म्हणतो, यात हताशपणा आहे, राजाचा दबाव आहे, आणि मधल्या वर्षांत केलेला धर्मशास्त्राचा अफाट अभ्यासही आहे. त्यातलं किती टक्के काय, हे ठरवायला बसू नये.

कामाकडे पाहावं. त्याची १६० प्रवचनं आज उपलब्ध आहेत. सेंट पॉल्सची एक जुनी रीत होती: तिथल्या तीस मानकरी पाद्रींनी बायबलमधली स्तोत्रं प्रत्येकी पाच अशी वाटून घ्यायची आणि रोज म्हणायची, म्हणजे दीडशे स्तोत्रांचं अख्खं पारायण दररोज पुरं होतं. डीनपणाबरोबर डन यांतलाही एक मानकरी होता. त्याच्या वाट्याला ६२ ते ६६ ही स्तोत्रं आली, आणि त्या पाचांवर त्यानं एकेक प्रवचन रचलं. नुसत्या पगारासाठी बसलेला माणूस इतकं करत नाही.

ज्याची खावी पोळी

जागा राजानं दिली की टाळी कोणासाठी वाजवायची हेही ठरतं. १६२२मध्ये जेम्सनं पाद्रींना हुकूम काढला: राजाच्या अधिकारांवर बोलायचं नाही, धर्मशास्त्रातले वादाचे गहन विषय साध्या पाद्रीनं छेडायचे नाहीत. लोक चिडले. त्या हुकमाचं समर्थन करायला सेंट पॉल्सच्या आवारातल्या उघड्या व्यासपीठावर उभं कोणाला केलं? डीनसाहेबांना. सप्टेंबर १६२२मध्ये डननं ते केलं.

एवढं करूनही सुटका नव्हती. एप्रिल १६२७मध्ये त्यानं नव्या राजासमोर, पहिल्या चार्ल्ससमोर, दिलेल्या प्रवचनातलं काहीतरी खटकलं. बिशप लॉडनं प्रवचनाची प्रत मागवली. पंचावन्नच्या घरातल्या, पाच वर्षांहून जास्त काळ डीन असलेल्या माणसाची झोप उडाली. प्रत वाचून झाल्यावर प्रकरण मिटलं.

आणि मुंबई?

अँग्लिकन पाद्री आपल्याकडे आला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावर. इथे पॅरिश नाही, दशमांश नाही, आश्रयदाता नाही; कंपनी महिन्याचे पैसे देणार आणि वखारीतल्या गोऱ्यांची प्रार्थना चालवून घेणार. असाच एक चॅप्लेन रिचर्ड कॉब. त्याच्या खटपटीमुळे फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८च्या नाताळात उघडलं. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. विरार लोकलची पाटी रोज वाचणाऱ्यांना हा धागा बहुधा ठाऊक नसतो.

इंग्लंडमध्ये दशमांश धान्याऐवजी पैशांत घ्यायचा कायदा १८३६ साली झाला आणि पुढे तोही संपला. अनेक वृत्ती गोळा करण्याला एकोणिसाव्या शतकात लगाम बसला. पण नाव सुचवण्याचे हक्क नव्या नियमांत बसवून आजही आहेत, आणि आर्चबिशप-बिशपांची निवड समिती करत असली तरी नाव राजाकडे पंतप्रधानांमार्फतच जातं.

जागा रिकामी झाली

फेब्रुवारी १६३१मध्ये खंगलेला डन राजवाड्यात शेवटचं प्रवचन द्यायला उभा राहिला, विषय मृत्यूचाच. मग स्वतःला कफनात गुंडाळून त्यानं आपलं चित्र काढून घेतलं. त्यावरून निकोलस स्टोननं केलेला संगमरवरी पुतळा १६६६च्या लंडनच्या आगीतूनही वाचला आणि आजच्या सेंट पॉल्समध्ये उभा आहे.

३१ मार्च १६३१ रोजी डन वारला आणि सेंट पॉल्स, सेवनओक्स, ब्लनहॅम, सेंट डन्स्टन्स अशा चार जागा एका दिवसात मोकळ्या झाल्या. डीनपदी थॉमस विनिफ आला. तो आधी ग्लॉस्टरचा डीन होता. मॉर्टननं चोवीस वर्षांपूर्वी डनसाठी वृत्ती सोडू म्हटलं होतं, ते ज्या खुर्चीच्या भरवशावर, ती आता पुन्हा रिकामी झाली होती.